यंत्रयोद्ध्यांचे खेळ आणि त्यांचे हौशी कारागीर

गेल्या पोळ्यानंतरच्या आठवड्यांत नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपली चित्रकलेची वही माझ्या टेबलावर आणून ठेविली. वहीच्या मधल्या दोन पानांवर एक प्रचंड यंत्रपुरुष उभा होता. त्याच्या पायाशीं जानेफळची घरें काड्यांच्या पेटीएवढीं दिसत होतीं. दोन्ही हातांच्या जागीं तोफा होत्या, तिसरी तोफ खांद्यावर होती, आणि मस्तकावर पोळ्याच्या बैलाला शोभतील अशीं, हिंगूळ लावलेलीं व बेगड चिकटविलेलीं शिंगें होतीं. चित्र उत्तम होतें; परंतु मुलाचा चेहरा पडलेला होता. वर्गांतील कोणी त्याला म्हणालें होतें, "हें तुझें नव्हेच. हा तर गेममधला वॉरहॅमर आहे." त्यानें मला विचारलें, "सर, धड त्या खेळांतलें आहे हें खरें. पण शिंगें माझीं आहेत. मग हें चित्र कोणाचें म्हणावयाचें?"

त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. उद्यां सांगतों असें म्हणून मीं वही ठेवून घेतली, आणि उद्यांचे पुढें कित्येक दिवस झाले. कारण ह्याच प्रश्नावरून अमेरिकेंतील न्यायालयांत एकदां नव्हे, दोनदां भांडण गेलें होतें, असें वाचनांत आलें. ती सारी हकीकत विद्यार्थ्यांना आवडेल, व पालकांनाही आपलीं मुलें मोबाइलच्या कांचेंत डोळे घालून काय पाहतात तें थोडेंबहुत कळेल, ह्या हेतूनें येथें देत आहें.

प्रथम हा यंत्रपुरुष कोण, तें सांगितलें पाहिजे. रोबो म्हटला कीं आपल्यापुढें आपोआप चालणारें यंत्र उभें राहतें. ह्या खेळांतला रोबो तसा नव्हे. त्याला स्वतःची बुद्धि नसते; त्याच्या मस्तकांत किंवा छातींत एक माणूस बसलेला असतो व तो त्याला चालवितो. हत्ती आणि माहूत ह्यांचें जें नातें तेंच येथें समजावें. ही कल्पना जपानांत वाढली. १९५६ मध्यें मित्सुतेरु योकोयामा ह्यांनीं 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा सुरू केली. तींतील लोखंडी राक्षसाला एक मुलगा दुरून चालवीत असे. १९७२ मध्यें गो नागाई ह्यांच्या 'माझिंगर झेड'मध्यें चालक यंत्राच्या मस्तकांतच जाऊन बसला. पुढें १९७९ मध्यें 'मोबाइल सूट गुंडम' ही मालिका आली, आणि तिनें ह्या यंत्रांना देवांच्या पंक्तींतून उठवून रणगाड्यांच्या पंक्तीला बसविलें. तीं कारखान्यांत तयार होतात, मोडतात, दुरुस्तीला जातात, दारूगोळा संपला कीं निकामी होतात. डावपेचांच्या खेळाला येथूनच वाट मोकळी झाली असें मला वाटतें. कारण ज्याची शक्ति अमर्याद त्याच्याशीं डाव मांडतां येत नाहीं. बुद्धिबळांत वजिरालाही घोड्याची चाल नसते, म्हणून तर तो खेळ रंगतो.

तो डाव अमेरिकेंत मांडला गेला. शिकागो शहरीं फासा नांवाच्या कंपनीनें १९८४ मध्यें 'बॅटलड्रॉइड्स' हा पटावरचा खेळ काढला. 'ड्रॉइड' ह्या शब्दावर 'स्टार वॉर्स'च्या निर्मात्यांनीं हक्क सांगितल्यामुळें पुढच्याच वर्षीं त्याचें बारसें पुन्हां झालें व 'बॅटलटेक' हें नांव पडलें. पट षट्कोणी घरांचा. एक घर म्हणजे ३० मीटर जमीन. सोंगटी म्हणजे २० पासून १०० टनांपर्यंतचें यंत्र. त्याला 'मेक' म्हणतात. दोन फांसे टाकून नेम लागला कीं चुकला तें ठरवितात. इतकें सारीपाट खेळलेल्या कोणालाही समजेल. खरी गंमत पुढें आहे. ह्या खेळाच्या नियमांतच स्वतःचें यंत्र बांधण्याचा हिशेब दिलेला आहे, आणि तो हिशेब चौथी-पांचवीच्या गणितापलीकडे जात नाहीं.

५० टनांचें एक यंत्र घ्या. सांगाड्याला एकूण वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ५ टन. चालकाच्या कोठडीला ३ टन. एका पाळींत चार घरें चालावें अशी इच्छा असेल तर ५० गुणिले ४, म्हणजे २०० अंकाचें इंजिन पाहिजे. त्याचें वजन तक्त्यांत ८.५ टन दिलें आहे. तोल सांभाळणाऱ्या भोंवऱ्याला २ टन. बेरीज १८.५ टन झाली. उरले ३१.५ टन, त्यांत चिलखत आणि शस्त्रें बसवावयाचीं. वाटेल तेवढ्या तोफा लावाव्या म्हटलें तर वजन आड येतें. वजन साधलें तर उष्णता आड येते, कारण बहुतेक शस्त्रें डागतांना यंत्र तापतें. इंजिनाबरोबर दहा शीतक मिळतात. एक शीतक एका पाळींत उष्णतेचा एक अंश शोषून घेतो. अधिक शीतक हवे असल्यास प्रत्येकीं एक टन मोजावा.

आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्राला हा हिशेब लावून पाहूं. त्याच्या तिन्ही तोफा खेळांत ज्यांना पीपीसी म्हणतात त्या जातीच्या. एकेकीचें वजन ७ टन, म्हणजे २१ टन. राहिलेल्या १०.५ टनांचें त्यानें चिलखत चढविलें. टनाला १६ गुणांप्रमाणें १६८ गुणांचें. वजन बरोबर ५० भरलें, आणि तो खूष झाला. परंतु एक पीपीसी डागली कीं दहा अंश उष्णता. तिन्ही एकदम डागल्या व एक पाऊल चाललें तर ३१ अंश; त्यांतले दहा शीतकांनीं शोषले, २१ शिल्लक राहिले. १४ अंशांपासूनच यंत्र बंद पडण्याची धास्ती सुरू होते व तें फांशांच्या कृपेवर जगतें. अर्थात् आमचा शिंगवाला वीर पहिल्याच गर्जनेनंतर शत्रूपुढें धापा टाकीत उभा राहण्याचा संभव पुष्कळ. शिंगांना मात्र वजन नाहीं. नियमांत शोभेच्या वस्तूंचा तक्ता कोठेंच दिलेला नाहीं.

आतां 'मॉड' म्हणजे काय तें सांगतों. घरोघरीं पत्त्यांचे व सोंगट्यांचे नियम थोडथोडे निराळे असतात. मामाकडे एक रीत, आत्याकडे दुसरी. खेळ तोच, फरक घरचा. खेळ पटावरून संगणकांत गेला तेव्हां ही घरगुती मोडतोड बंद पडेल असें वाटण्याजोगें होतें, कारण संगणकाचा खेळ म्हणजे कुलूप लावलेली पेटी. परंतु हौशी लोकांनीं पेटी उघडली, आणि पुष्कळ ठिकाणीं पेटी करणारानेंच किल्ली बाहेर ठेवली. हेअरब्रेन्ड स्कीम्स ह्या कंपनीनें एप्रिल २०१८ मध्यें 'बॅटलटेक' हा संगणकावरील खेळ काढला. त्यांतील प्रत्येक यंत्राचें वजन, चिलखत, तोफांच्या जागा ह्यांचे आंकडे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले आहेत. वाचतां येणाऱ्या कोणालाही ती फाईल उघडून ५० च्या जागीं ५५ लिहितां येतात. असा बदल मूळ खेळावर चढवितात त्याला मॉड म्हणावें. आंकडा बदलणें ही पहिली पायरी. नवें यंत्र, त्याची आकृति, रंग व आवाज, नवी रणभूमि, नव्या मोहिमा ह्या पुढच्या. ह्याच खेळावर 'रोगटेक' नांवाचें मॉड हौशी मंडळींनीं रचलें. त्यांत इतकीं यंत्रें व शस्त्रें आहेत कीं मूळ खेळ त्यापुढें ओसरीसारखा दिसतो.

असे उद्योग पूर्वींही झाले. मायक्रोसॉफ्टनें २००२ मध्यें काढलेल्या 'मेकवॉरियर ४: मर्सिनरीज' ह्या खेळाला 'मेकटेक' नांवाच्या हौशी मंडळींनीं नवीं यंत्रें जोडलीं, आणि २०१० मध्यें परवानगीनें तो खेळ फुकट वांटलाही. २००९ मध्यें दुसऱ्या एका गटानें 'क्रायसिस' ह्या अगदीं परक्या खेळाच्या पायावर 'मेकवॉरियर: लिव्हिंग लेजेंड्स' उभें केलें. 'मेगामेक' ही तर पटावरच्या मूळ खेळाची संगणकावरील हुबेहूब आवृत्ति. ती विनामूल्य मिळते व तिचा सारा आंतील मजकूर वाचावयास खुला आहे. २०१८ मध्येंच आलेला 'इन्टु द ब्रीच' हा खेळ लहान, पण मला फार आवडला. त्याचा पट बुद्धिबळाप्रमाणें आठ गुणिले आठ घरांचा. तीन यंत्रें आणि समोर राक्षसी किडे. त्यालाही लोकांनीं स्वतः रंगविलेलीं यंत्रांचीं पथकें जोडलीं आहेत. ह्या कामांत पैसा बहुधा मिळत नाहीं. मिळते ती नामावळी: कोणी आकृति केली, कोणी रंग दिले, कोणी चुका शोधल्या.

पालकांसाठीं येथें एक गोष्ट नमूद करतों. पबजीचें नांव न ऐकलेला पालक आपल्या तालुक्यांत क्वचित्. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें त्यावर बंदी घातली तेव्हां अनेक घरीं समाधान झालें असेल. तो खेळ मुळांत ब्रेंडन ग्रीन ह्या गृहस्थानें दुसऱ्याच्या खेळावर रचलेल्या मॉडमधून निघाला. मी त्या खेळाची तरफदारी करीत नाहीं. नुसतें खेळत बसणें आणि खेळ उघडून त्याचीं चाकें पाहणें ह्यांत जो फरक आहे, तेवढाच दाखवावयाचा आहे. घड्याळांत वेळ सगळेच पाहतात. झांकण काढून पाहणारा एकादाच.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. वर्गबंधूनें म्हटलें, हा वॉरहॅमर आहे. होय, बॅटलटेकमध्यें ७० टनांचा वॉरहॅमर आहे व त्याच्या दोन्ही हातांच्या जागीं पीपीसी तोफा आहेत. परंतु वॉरहॅमरचें तें प्रसिद्ध धड तरी कोणाचें होतें? फासा कंपनीनें आरंभीं आपल्या पुष्कळ यंत्रांचीं चित्रें स्वतः काढलींच नाहींत. जपानी मालिकांतलीं तयार चित्रें एका अमेरिकन आयात-व्यापाऱ्यामार्फत परवाना घेऊन तिनें वापरलीं. वॉरहॅमर म्हणजे १९८२ च्या 'माक्रोस' मालिकेंतील टोमाहॉक नांवाचें यंत्र. इतर कांहीं यंत्रें 'दुगराम' आणि 'क्रशर जो' ह्यांतून आलीं. इकडे 'माक्रोस'चे अमेरिकेंतील हक्क हार्मनी गोल्ड ह्या कंपनीकडे होते, व तिच्या मतें तो परवाना पोकळ होता. गंमत अशी कीं, कलह पेटला तो फासानें एका खेळणीं करणाऱ्या कंपनीला, तुम्हीं आमच्या यंत्राची नक्कल केली म्हणून न्यायालयांत खेंचलें तेव्हां. नक्कल केल्याचा आरोप करावयास गेलेल्याच्या अंगावर तोच आरोप उलटला. १९९६ मध्यें आपसांत तडजोड झाली आणि फासानें तीं उसनीं चित्रें छापणें कायमचें सोडून दिलें.

खेळणारांनीं त्या यंत्रांना 'अनसीन', म्हणजे न दिसणारीं, असें नांव दिलें. विचार करा, काय स्थिति झाली असेल! पुस्तकांत वॉरहॅमरचें नांव आहे, वजन ७० टन आहे, तोफांचा तक्ता आहे, त्याच्या लढायांचा इतिहास आहे. चित्राची जागा मात्र रिकामी. कंपनीचें स्वतःचें जें होतें तें कोणाला नेतां आलें नाहीं. नांवें, हिशेब आणि कथा ह्या तिच्या कष्टाच्या होत्या, म्हणून त्या राहिल्या. रूप उसनें होतें, तें गेलें. पुढें त्या रिकाम्या जागा भरण्यासाठीं यंत्रांचीं चित्रें नव्यानें काढण्यांत आलीं. पहिले प्रयत्न लोकांना फारसे रुचले नाहींत. जुनें ओळखीचें वाटावें आणि तरीही नवें असावें, ही मागणी चित्रकाराला किती कठीण आहे तें नाटकांतल्या नटाची भूमिका दुसऱ्या नटानें करतांना पाहिलेल्यांस समजेल.

दूरच्या परदेशची ही गोष्ट वाचतांना मला सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या. आपल्याकडे गंजिफांचा खेळ इराणकडून आला. बाबरानें १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसन ह्याला गंजिफा पाठविल्याची नोंद आपल्या आत्मचरित्रांत केली आहे, आणि अकबरानें त्या पानांत फेरफार केले असें ऐन-इ-अकबरी सांगते. मोगली गंजिफांत आठ रंग, प्रत्येकाचीं बारा पानें, एकूण ९६. आपल्या चितारी मंडळींनीं व खेळणारांनीं त्याच गोल पानांवर मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार बसविले. रंग दहा झाले, पानें १२० झालीं. ह्याला मॉड नाहीं तर काय म्हणावें? त्यांतही एक खूण पाहण्यासारखी आहे. मोगली खेळांत दिवसा डाव सुरू झाला तर सोन्याच्या नाण्याचा, म्हणजे जणूं सूर्याचा रंग पुढें; रात्रीं रुप्याच्या नाण्याचा, म्हणजे चंद्राचा. दशावतारी खेळांत दिवसा रामाचें पान धरणारा आरंभ करतो व रात्रीं कृष्णाचें. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी! चित्रें सारीं बदललीं; पण सूर्य-चंद्राचा नियम वेषांतर करून तसाच राहिला. अशी जोड सुचणारा माणूस कोण होता हें कोठें लिहिलेलें नाहीं, ह्याची मला हळहळ वाटते. त्या काळीं नामावळीची चाल असती तर त्याचें नांव आज आपल्या पाठ्यपुस्तकांत असतें. हा हुन्नर नष्ट होण्याच्या वाटेवर असतां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी ह्यांनीं वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी ह्यांजकडून तो शिकून घेतला आणि वाड्यांतच कारखाना घालून वांचविला.

यंत्रांच्या खेळांतही हौशी चित्रकाराला क्वचित् मान मिळतो. अलेक्स इग्लेसियस हा आवडीनें मेकचीं चित्रें काढणारा कलावंत. पुढें 'मेकवॉरियर ऑनलाइन' (२०१३) ह्या खेळासाठीं यंत्रांची रूपें ठरविण्याचें काम त्याच्याकडेच आलें. त्यानें जुनीं यंत्रें अशीं काढलीं कीं तीं पाहतांच ओळखूं यावीं, पण सांधे, तोफा व उभें राहण्याची ढब त्याची स्वतःची. असें असूनही २०१७ मध्यें हार्मनी गोल्डनें ह्या खेळाच्या व नव्या बॅटलटेकच्या निर्मात्यांवर पुन्हां फिर्याद केली. ती २०१८ मध्यें निकालांत निघाली आणि पुन्हां त्याच कारणावरून ती आणतां येऊं नये अशा रीतीनें ती रद्द झाली. नव्यानें काढलेला वॉरहॅमर आज उजळ माथ्यानें फिरतो.

आपल्या देशांत १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याप्रमाणें चित्राचें रूपांतर करण्याचा अधिकार मूळ धन्याचा. चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षें तो त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावरून काढलेलें चित्र छापून विकावयास निघाल्यास परवानगी लागते. खेळांच्या पुष्कळ कंपन्या, पैसा न घेतां वांटलेल्या मॉडला हरकत घेत नाहींत. पण ती त्यांची मर्जी असते, आपला हक्क नसतो. हें माहीत असलेलें बरें.

वही परत देतांना मीं एवढें सर्व विद्यार्थ्याला सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे धड त्यांचेंसुद्धां नव्हतें!" त्याला त्याचा फार आनंद झाला, आणि तो आनंद मला मुळींच आवडला नाहीं. मीं विचारलें, "बरें, धड काढून टाकलें तर तुझ्याकडे काय उरतें?" शिंगें, तो म्हणाला. आणि पायांखालची जमीन.

ती जमीन मीं तोंवर नीट पाहिलीच नव्हती. घरांच्या पलीकडे, पानाच्या कोंपऱ्यांत त्यानें लोणारचें सरोवर काढलें होतें. त्या दिवशीं शाळा सुटल्यावर आम्हीं दोघांनीं त्याचा पट करावयास घेतला, कारण मेगामेकमध्यें स्वतःची रणभूमि आंखतां येते. लोणारच्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, एक घर ३० मीटरचें, तेव्हां आडवीं ६० घरें. खोली सुमारें १३७ मीटर. खेळांत उंचीची एक पायरी ६ मीटर, तेव्हां कांठापासून तळापर्यंत जवळजवळ २३ पायऱ्या. जगांतील कोणत्याही कंपनीच्या पटावर हें विवर असेल तर असो. हा उतार मात्र त्यानें स्वतः सहलीच्या दिवशीं पायांनीं मोजलेला होता, व कोणत्या बाजूनें उतरणें सोपें तें त्याला ठाऊक होतें.

यंत्राचें धड त्यानें नंतर स्वतःच बदललें. आतां तें पुढें झुकलेलें, जूं मानेवर घेतल्यासारखें आहे. खांद्यावरची तोफ उतरविली. दोन पीपीसींचे १४ टन, चिलखताचे ८.५, आणि ९ टनांचे नवे शीतक, मिळून ३१.५. शीतक आतां १९ झाले. चालत चालत दोन्ही तोफा डागल्या तरी २१ अंशांतले दोनच अंश शिल्लक राहतात, आणि तेवढ्यानें यंत्राला घामही येत नाहीं. चित्राखालीं त्यानें बारीक अक्षरांत लिहिलें आहे: "नियम बॅटलटेकचे. जुनें धड वॉरहॅमरचें होतें, तें काढलें. शिंगें आमच्या ढवळ्याचीं."